फ्रिज न्यूट्रलने जळला की विजेने? आधी ते ओळखा, मग पैसे घाला

खानापूर तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. घर गावाबाहेर शेतात, टीसीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) सात-आठ खांब लांब. गेल्या वर्षी वळवाच्या पहिल्याच पावसात जोरात कडाडलं आणि वायफायचा डबा आणि टीव्ही दोन्ही गेले. यंदा पावसाचा पत्ता नसताना, रात्री जेवणाच्या वेळी बल्ब एकदम भगभगले आणि फ्रिजचा पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड), दोन चार्जर आणि तीन एलईडी बल्ब जळाले. दुकानदार सांगतो, मोठा स्टॅबिलायझर घ्या. इलेक्ट्रिशियन सांगतो, एसपीडी बसवा, म्हणजे विजेचा क्षणिक धक्का अर्थिंगकडे वळवणारी वस्तू. कुणाचं ऐकू, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, तुमच्या घरी दोन वर्षांत दोन वेगळे रोग झालेत. गेल्या वर्षीचा विजेचा तडाखा होता. यंदाचा तडाखा नव्हे, तो न्यूट्रलचा घोळ आहे. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. उलट, न्यूट्रल सैल असलेल्या घरात एसपीडी बसवला तर तोच आधी जळतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात २७ वर्षं वायरिंगची कामं करतोय. लोक ज्याला सरसकट 'हाय व्होल्टेज आलं' म्हणतात, त्यात मला पावसाळी विजेपेक्षा सैल न्यूट्रलच जास्त वेळा सापडलाय. म्हणून आधी त्याचंच सांगतो.

टीसीतून तीन फेज आणि एक न्यूट्रल बाहेर पडतात. कुठलीही फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण २३० व्होल्ट, आणि दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. तुमच्या घरी एक फेज, शेजारच्या घरी दुसरी, पण न्यूट्रल सगळ्यांचा एकच. तो खांबावर किंवा टीसीवर तुटला की तुमचं घर आणि शेजाऱ्याचं घर एकापुढे एक जोडल्यासारखे ४०० व्होल्टवर येतात. मग व्होल्टेजची वाटणी भारावर ठरते आणि ती उलटी ठरते: ज्याच्या घरी कमी भार, त्याला जास्त व्होल्टेज. शेजारी १००० वॉटची इस्त्री चालू आहे आणि तुमच्याकडे नुसते १०० वॉटचे दिवे आहेत असं धरा. हिशेबाने तुमच्या घरी ३६० च्या वर व्होल्ट येतात आणि शेजाऱ्याकडे चाळीससुद्धा उरत नाहीत. त्यांची इस्त्री गार पडते, तुमचा फ्रिज जळतो. हे एका क्षणात संपतही नाही. कुणीतरी मेन पाडेपर्यंत, कधी तासभरसुद्धा, चालू राहतं.

थ्री फेज मीटर असेल तर हाच प्रकार घरातल्या घरात होतो. बेळगावच्या वडगावात एका मागवाल्यांच्या (विणकरांच्या) घरी गेलो होतो. पुढच्या खोलीत मल्टिमीटर ३१८ दाखवत होता, स्वयंपाकघरात १४०. आज्जी म्हणाल्या, "चार दिस झाले, पंखा लई जोरात फिरतोय, बरं वाटतंय." मेन पाडला आणि मेन बोर्डातली न्यूट्रल लिंक बघितली. ॲल्युमिनियमची तार पितळी स्क्रूखाली दाबलेली. तो स्क्रू बोटांनीच अर्धा आटा फिरला. तारेवर पांढरी भुकटी, वरचं पीव्हीसी वितळून तपकिरी झालेलं आणि बोर्डाला जळक्या बॅकेलाइटचा वास. ॲल्युमिनियम आणि पितळ थेट एकत्र आले की दमट हवेत तो जोड कुरतडला जातो. त्यात ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू आपोआप सैल पडतो. तिथे बायमेटल लग (दोन वेगळे धातू जोडायचं टोक) लावला, जोडाचा लेप लावून घट्ट आवळला आणि दोन्ही खोल्यांत २३५ आले. फ्रिज मात्र आदल्या दिवशीच गेला होता.

ओळखायची खूण सोपी आहे. मोठा भार चालू केला, म्हणजे मिक्सर, गिझर किंवा मोटार, की घरातले दिवे थोडे मंद व्हायला हवेत. ते उजळ झाले तर न्यूट्रल गेलाय असं समजा. एका खोलीत उजेड जास्त आणि दुसऱ्या खोलीत कमी, हीही तीच खूण. तपासत बसू नका, आधी मेन पाडा. मग वीज कंपनीच्या १९१२ ला फोन करा, शेजाऱ्यांनाही मेन पाडायला सांगा. खांबावरचा किंवा मीटरच्या सीलमागचा जोड आपण हात लावायचा नाही, तो लाईनमनचाच.

यावर औषध म्हणजे मेन बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ. बोर्डातल्या डीआयएन पट्टीवर एमसीबीशेजारी (करंट वाढला की पडणाऱ्या स्विचशेजारी) बसतो, पुढे आकडा दिसतो. वरची मर्यादा २७० च्या आसपास आणि खालची १७५ ठेवा. व्होल्टेज नीट झाल्यावर परत जोडायला ३ मिनिटांचा उशीर लावा, म्हणजे फ्रिजच्या कॉम्प्रेसरला गॅसचा दाब उतरायला वेळ मिळतो. कटऑफ पूर्ण घराचा भार पेलणारा घ्या. हलक्या रेटिंगचा घेतला तर त्याचीच रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) चिकटते. आपल्याकडे रात्री उशिरा, भार उतरल्यावर, टीसीजवळच्या घरात २५५ व्होल्टसुद्धा दिसतात. म्हणून वरची मर्यादा २५० ला लावून रोज रात्री अंधार करून घेऊ नका.

आता दुकानदाराच्या स्टॅबिलायझरबद्दल. कमी आलेलं व्होल्टेज २२० पर्यंत चढवायला तो चांगला आहे आणि शेताच्या टोकाला असलेल्या घरात व्होल्टेज कमी पडत असेल तर फ्रिजला हवाच. पण त्याची रिले हलायला काही मिलिसेकंद लागतात. विजेचा तडाखा त्याच्या हजारपट वेगाने येऊन जातो. रिले हलायच्या आत टीव्ही गेलेला असतो. न्यूट्रल गेल्यावर तो त्याला जोडलेलं एक उपकरण कदाचित वाचवेल, पण घरातले बाकीचे दिवे आणि चार्जर उघडेच राहतात. एमसीबीचंही तसंच. ती जास्त करंटची राखण आहे, जास्त व्होल्टेजची नव्हे. घरातला साधा इन्व्हर्टर मेन असताना मेनचीच वीज पुढे ढकलतो, त्यामुळे त्याचाही भरवसा धरू नका.

गेल्या वर्षीच्या टीव्हीकडे वळतो. वीज घरावर पडावीच लागते असं नाही. किलोमीटरभर लांब झाडावर पडली तरी उघड्या तारांमध्ये हजारो व्होल्टचा धक्का उमटतो आणि तो खांबावरून घरात शिरतो. तुमची लाईन शेतातून सात-आठ खांब उघडी आली आहे, म्हणजे तेवढी लांब तार तो धक्का गोळा करायला मोकळीच उभी आहे. प्रयोगशाळेत एसपीडी तपासताना जो धक्का देतात त्याला ८/२० म्हणतात. ८ मायक्रोसेकंदांत करंट शिखराला पोचतो आणि सुरुवातीपासून २० मायक्रोसेकंदांत उतरून अर्ध्यावर येतो. एवढ्या वेळात काम करणारी वस्तू म्हणजे एसपीडीतली झिंक ऑक्साइडची चकती, तिलाच एमओव्ही म्हणतात. नेहमीच्या व्होल्टेजला ती जवळजवळ बंद असते. व्होल्टेज वर गेलं की क्षणात उघडते, जादा करंट अर्थिंगकडे आणि न्यूट्रलकडे वळवते आणि पुन्हा बंद होते. दर तडाख्याला थोडी झिजते. म्हणून चांगल्या एसपीडीला खिडकी असते, हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे मॉड्यूल बदला. आपल्या घरातला एसपीडी हिरवा आहे की लाल, हे वर्षभर कुणी बघतच नाही.

उपकरणांची सहनशक्तीही ठरलेली असते. २३०/४०० व्होल्टच्या व्यवस्थेत मीटरजवळच्या सामानाने ६ हजार व्होल्टचा क्षणिक धक्का सोसावा, मेन बोर्डानंतरच्या वायरिंगने ४ हजार, फ्रिज-मिक्सरसारख्या उपकरणांनी अडीच हजार आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक वस्तूंनी दीड हजार, असं प्रमाण आहे. म्हणून एसपीडीवर 'यूपी' म्हणून जो आकडा लिहिलेला असतो, तो दीड हजार किंवा त्याखाली हवा. मेन बोर्डात टाइप २ चा एसपीडी पुरतो. घरावर वीजवाहक सळई असेल तर टाइप १ किंवा दोन्हींचा एकत्र घ्या, कारण तिथे खऱ्या विजेचा वाटा आत येतो. टीव्ही, संगणक मेन बोर्डापासून दहा मीटरपेक्षा लांब असतील तर त्यांच्यापाशी टाइप ३ चा छोटा. 'यूसी' म्हणजे कायम सोसायचं व्होल्टेज, ते आपल्याकडे २७५ ऐवजी ३२० चं घ्या. २५५ व्होल्ट रोज सोसणाऱ्या चकतीला तेवढा श्वास हवा. आणि न्यूट्रल गेल्यावर ३६० व्होल्ट मिनिटभर राहिले तर ३२० ची चकतीही तापून जळते. म्हणूनच म्हटलं, न्यूट्रल दुरुस्त झाल्याशिवाय आणि कटऑफ बसल्याशिवाय एसपीडीवर पैसे घालू नका. स्वस्त स्पाइक गार्डच्या पट्ट्यांतही तीच चकती असते, आणि ती जळताना पट्टी वितळते. पडद्याजवळ, गादीखाली ठेवू नका.

एसपीडी कसा जोडला यावर अर्धं काम अवलंबून असतं, आणि चुका इथेच होतात. बेळगावच्या उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचं कार्ड दोनदा गेलं होतं. मालक म्हणाले, "एसपीडी आहे की ओ, चांगल्यापैकी." खरंच चांगला होता, खिडकी हिरवी. पण त्याची हिरवी, म्हणजे अर्थची, वायर पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यात नेलेली, उरलेली वायर कापायला नको म्हणून गोल वेटोळं करून केबल टायने नीटनेटकी बांधलेली. मोजली तर दोन मीटर भरली. वायरच्या एका मीटरला साधारण १ मायक्रोहेन्रीचं इंडक्टन्स (करंट एकदम बदलू न देण्याचा गुण) असतं. १० हजार अँपिअर ८ मायक्रोसेकंदांत चढले की दर मीटरला साधारण १२५० व्होल्ट त्या वायरवरच उभे राहतात. म्हणजे एसपीडी स्वतः दीड हजारांवर आवरतो आणि दोन मीटर वायर त्यात अडीच हजार भर घालते. मशीनच्या वाट्याला चार हजार. वेटोळ्यात इंडक्टन्स आणखी वाढतं. अर्थिंगची पट्टी वर आणली, फेजची वायर आणि अर्थची वायर मिळून अर्धा मीटर भरेल एवढीच ठेवली, वळणं काढली. नवीन एसपीडी घ्यावा लागला नाही. तुमच्या इलेक्ट्रिशियनला एवढंच सांगा: दोन्ही वायरी मिळून अर्धा मीटर. एसपीडीच्या आधी, बनवणाऱ्याने सांगितलेल्या रेटिंगचा फ्यूज किंवा एमसीबी हवा. आणि एसपीडी आरसीसीबीच्या (करंट गळला की पडणाऱ्या स्विचच्या) आधी, मेनच्या बाजूला. आपल्या गावच्या घरांत अर्थिंग स्वतःचंच असतं, म्हणून फेज ते न्यूट्रल चकती आणि न्यूट्रल ते अर्थ गॅस ट्यूब (व्होल्टेज फार वाढलं तरच वाट उघडणारी नळी), अशा जोडणीचा मागा. दुकानात '१+१' म्हटलं की कळतं, थ्री फेजला '३+१'.

आता अर्थिंग. खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा पट्टा जांभ्याचा. पाऊस पडतो भरपूर, पण जांभ्यातून पाणी थांबत नाही, आणि वळीव येतो तेव्हा एप्रिल-मेमध्ये तीच जमीन कोरडीठाक असते. म्हणजे ज्या महिन्यात वीज जास्त, त्याच महिन्यात अर्थिंग सगळ्यात वाईट. श्रावणात घेतलेलं रीडिंग दाखवून कुणी खूश करत असेल तर मेमध्ये पुन्हा घ्यायला लावा. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, अथणीकडच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि माती पाइपपासून सुटते, तिथला त्रास वेगळा.

आकड्यात सांगतो. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या बऱ्यापैकी मातीत ४० मिलिमीटर जाडीचा, अडीच मीटर लांब एक जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप हिशेबाने ३३ ओहमच्या आसपास देतो. कोरड्या जांभ्यात याच्या कितीतरी पट. एका पाइपात पाच ओहम मिळवून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दोन किंवा तीन पाइप, एकमेकांपासून निदान पाइपच्या लांबीएवढे दूर, वरून जीआय पट्टीने जोडलेले, हा इथला खरा मार्ग. जांभ्याचा थर फोडून खालच्या ओलसर मातीपर्यंत पोचता आलं तर त्यासारखं दुसरं काही नाही. कोळसा-मीठ चालतं, पण मीठ पावसाने धुऊन जातं आणि पाइपही खातं. बेंटोनाइट ही चिकणमाती ओल धरून ठेवते, जांभ्यात मी तेच वापरतो. मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात. परसातल्या न्हाणीचं सांडपाणी तिकडे वळवलेली घरं मी बघितली आहेत, तिथलं रीडिंग मेमध्येही धरून असतं.

आणि फेज-अर्थला बल्ब लावून "बघा, पेटला, अर्थिंग ठणठणीत" असं कुणी म्हणालं तर मानू नका. १०० वॉटच्या बल्बचा रोध तापल्यावर पाचशे ओहमच्या वर असतो. अर्थिंग शंभर ओहमचं असलं तरी बल्बला १९० च्या वर व्होल्ट मिळतात आणि तो मजेत पेटतो. खरं रीडिंग अर्थ टेस्टरनेच, दोन खुंट्या लांब ठोकून.

ओहमपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे घरातलं सगळं अर्थ एकाच पट्टीवर येणं. डिशवाला छतावर स्वतःचा खिळा ठोकून जातो, कॅमेरावाला तिसरीकडे वायर सोडतो, आणि इन्व्हर्टरला 'इलेक्ट्रॉनिक अर्थ' म्हणून वेगळा खड्डा. तडाख्यात नुसते १००० अँपिअर ३० ओहमच्या खड्ड्यात उतरले तर घराची अर्थ-पट्टी ३० हजार व्होल्टवर उचलली जाते. डिशचा वेगळा खिळा मात्र खालीच राहतो. मधला सगळा फरक टीव्हीच्या पोटातून जातो. पट्टी एक असली की सगळं एकदम वर जातं आणि एकदम खाली येतं, मध्ये फरक उरत नाही. तुमचा वायफायचा डबा टीव्हीबरोबर का गेला, याचं उत्तर बहुधा इथेच आहे: वीज एका तारेतून आली आणि दुसऱ्या तारेने निघून गेली. फायबरच्या काचेतून धक्का येत नाही, पण डब्याचा अडॅप्टर फेजवरच असतो, आणि जुनी तांब्याची जोडणी असेल तर दोन्हीकडून.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. न्यूट्रल गेला की काही जण अर्थिंगच्या वायरवर घर चालवतात. शेताकडे हे मी अजून बघतो. असं केलं की भाराचा सगळा करंट खड्ड्यात जातो आणि त्या अर्थला जोडलेल्या प्रत्येक वस्तूच्या पत्र्यावर व्होल्टेज येतं. ओल्या अंगणात अनवाणी पोर धुण्याच्या मशीनला हात लावतं. उपकरण परत घेता येतं. कृपा करून हे करू नका, आणि कुणी करत असेल तर तिथेच थांबवा.

मोटारीचं थोडक्यात. बोअरची थ्री फेज मोटार बहुतेक वेळा विजेने नव्हे, एक फेज गेल्यामुळे जळते. टीसीवरचा एक फ्यूज उडतो आणि मोटार दोन फेजवर कण्हत राहते. स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर असेल तर तो पाडतो. पण कॅपॅसिटर लावून दोन फेजवर मोटार चालवण्यासाठी लोक तोच काढून ठेवतात. तो परत बसवा. ऑटो स्टार्टर असेल तर त्याला थोडा उशीर लावा, थ्री फेज येताच सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम उठतात तेव्हा लाईन खूप हलते. टीसीकडे जाल तेव्हा लांबूनच बघा: ११ केव्हीच्या प्रत्येक फेजला लाइटनिंग अरेस्टर (विजेचा धक्का जमिनीत उतरवणारा) आहे का, त्याची अर्थची पट्टी खाली जमिनीपर्यंत अखंड आहे का. तुटलेली दिसली तर फोटो काढून, टीसीचा नंबर घालून, वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात लेखी द्या आणि पोच घ्या. पाच-सहा शेतकऱ्यांच्या सह्या असल्या तर बरं. छतावर सोलर असेल तर त्याच्या डीसी बाजूला वेगळा डीसी एसपीडी लागतो, एसीचा तिथे चालत नाही.

हे सगळं केल्यावरही, ढग काळे झाले की प्लग काढायचाच. स्विच बंद करणं पुरेसं नाही, त्यातली फट काही मिलिमीटरची असते आणि वीज ती सहज ओलांडते. प्लग, डिशची वायर, वायफायची वायर, तिन्ही. पण डोक्यावर कडाडायला लागल्यावर प्लगला हात लावायला जाऊ नका, ते आधी करायचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यातली वीज दाखवतं. कर्नाटकाच्या आपत्ती निरीक्षण केंद्राचं सिडिलु नावाचंही आहे, सिडिलु म्हणजे कन्नडमध्ये कडाडणारी वीज. शेतात असाल तर चमक आणि आवाज यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर आलं की घर गाठा, आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

तर भाऊ, तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात १९१२ वर तक्रार करून खांबावरचा आणि टीसीवरचा न्यूट्रल तपासून घ्या, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. तोपर्यंत फ्रिज नवीन घेतला असला तरी खोक्यातच राहू द्या. मग कटऑफ. मग जांभ्यात दोन पाइप आणि एक पट्टी, डिशचा खिळा त्याच पट्टीला. एसपीडी सगळ्यात शेवटी. स्टॅबिलायझर फक्त फ्रिजला, तोही रात्री व्होल्टेज १८० च्या खाली उतरत असेल तरच. संध्याकाळी सात, रात्री अकरा आणि पहाटे पाच, असं चार दिवस मीटरने मोजून वहीत लिहा. आणि इलेक्ट्रिशियन आला की मेन पाडून त्याला तुमच्यासमोर न्यूट्रलचा स्क्रू आवळायला लावा. अर्धा आटा फिरतो का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.